नोकर नंबर सात

१३ जानेवारी

भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. मोजून चार ओळी. "मावशी, मला 'नऊ बुरुज' सीरियलमध्ये काम मिळालं. सोमवारी सात वाजता लाव. मी राणीच्या अगदी जवळ असते." बाकी राहतेस कुठे, जेवतेस काय, कोणी बोलायला आहे का, काही नाही. घर सोडून पाच महिने झाले तुला.

काल लावली. माझ्या कानांचं तुला माहीतच आहे. डावा गेला, उजवा जायच्या बेतात. फोनवर नुसती खरखर, म्हणून तर ही पत्रं. टीव्हीत कोण काय बोलतं ते मला कळत नाही, पण डोळे शाबूत आहेत. आवाज नसला की माणूस दुसऱ्याचे हातपाय बघतो, आणि तोंडापेक्षा तेच खरं बोलतात.

राणीच्या जवळ तीन बायका बसल्या होत्या. एकीचं नाक तुझ्यासारखं वाटलं. म्हटलं, मेकअपने काय वाट्टेल ते करतात. अर्धा तास त्या नाकाकडे बघत बसले. मग मागे एक पोरगी सुरई घेऊन उभी होती तिने उजवा खांदा झटकला. कपड्यात काही टोचलं की तू लहानपणापासून झटकतेस तसा. ती तू होतीस.

एक्केचाळीस वर्षं मी मोठ्या घरात टेबलापाशी उभी राहून लोकांना वाढलं. कशासाठी? तुझ्या हातात ते तबक येऊ नये म्हणून. आणि तू सुरई धरलीस, तीही चारचौघांच्या टीव्हीवर.

बरं, धड तरी धरायचीस! पोटाशी कवटाळून, जसं काही कोणाचं तान्हं मूल आणलंय. वर राणीच्या तोंडाकडे टक लावून बघत होतीस. मोठ्या घरात असं बघितलं असतं ना, तर दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर. आणि तोंडाला ती काजळी कसली? राजवाड्यात असं कळकट माणूस जेवणाच्या टेबलापाशी कोण उभं करील? आम्हाला तर वाढायला जायच्या आधी नखं दाखवायला लागायची.

मग ती उडती पाल आली, सगळीकडे आग, आणि तू दिसेनाशी झालीस. मी टीव्ही बंद केला.

राणीच्या जवळ म्हणजे मागे, हे आधी सांगायला काय झालं होतं?

जेवत जा.

मावशी

*

२२ जानेवारी

मावशी,

लाज वाटली म्हणून नाही सांगितलं. बस, आता बोलून टाकलं.

आणि ती पाल नाही गं, महासर्प आहे! त्याच्यावर किती कंप्युटरवाले राबतात आणि तू त्याला पाल केलीस. मी इथे पोरींना सांगितलं, सगळ्या हसून लोळल्या. आता सगळेच त्याला पाल म्हणतात.

काजळीचं ऐक. सकाळी मेकअपवाला डबा घेऊन येतो आणि म्हणतो, "चला, रांगेत या, गरीब करतो." बोटाने गालावर दोन फराटे, कपाळावर एक. राजघराण्याची खोली वेगळी, तिथे चकाकी लावतात. मी म्हटलं, "दादा, राणीला पाणी देणारी बाई तोंड धुणार नाही का?" तर म्हणाला, "तोंड धुतलंस तर बघणाऱ्याला कळणार कसं तू कोण?" बोलण्याचंही तेच. राजघराण्यातले पुस्तकासारखं बोलतात आणि ज्या नोकरांना वाक्य आहे त्यांनी तोंड वेडंवाकडं करून बोलायचं. मला तो प्रश्नच नाही. मला वाक्य नाही. यादीत माझं नाव 'नोकर नंबर सात' आहे.

आम्ही सोळा जणी एका खोलीत बसून असतो. हाक आली की जायचं, उभं राहायचं, परत यायचं. बोलणं म्हणशील तर "डावीकडे सरक, अजून थोडी." संध्याकाळी माझ्या खोलीवर येते. घरमालकीण दाराआडूनच "आलात का?" विचारते, मी "आले" म्हणते. एवढंच.

पण एक संधी आहे. पुढे एका भागात मोठी मेजवानी आहे. त्यात एका दासीला नाव मिळणार आणि एक वाक्य, "राणीसाहेब, गाव जळालं!" डायरेक्टर आमच्यातूनच एकीला निवडणार. त्याला 'खरी वाटणारी' पाहिजे. मावशी, नाव मिळालं की पुढच्या सगळ्या भागांत काम मिळतं. नाहीतर मला उन्हाळ्यात परत यावं लागेल, आणि परत येऊन मी काय करू?

मला शिकव. तुझ्याइतकं हे कोणाला येतं? लहानपणी मी खेळात तबक उचललं तर हातावर फटका मारायचीस. आता तरी सांग, उभं कसं राहायचं?

भिंगरी

*

२९ जानेवारी

भिंगरी,

हे मला शिकवायचं नव्हतं. पण एक काम करायचंच, तर नीट कर. मी चौथी शिकलेली बाई, लिहिते तसं समजून घे.

सुरई दांडीला धरायची, एका हाताने. दुसऱ्या हाताची दोन बोटं बुडाखाली, आणि बोटांवर घडी केलेलं फडकं. ओघळ फडक्यात जातो, टेबलावर नाही. कवटाळायची नाही.

तोंडाकडे बघायचं नाही. हाताकडे बघायचं. माणसाला पाणी पाहिजे हे त्याच्या तोंडाला कळायच्या आधी त्याच्या हाताला कळतं. हात पेल्याकडे दोन बोटं सरकला की तू पुढे झालेली असली पाहिजेस. बोलवावं लागलं म्हणजे तू चुकलीस.

चालताना पावलाची बाहेरची कड आधी टेकवायची, मग बाकीचं पाऊल. आवाज होत नाही. तासन् तास उभं राहायचं तर चपलेच्या आतल्या आत भार बदलायचा, एकदा टाचेवर, एकदा बोटांवर. बाहेरून दिसता कामा नये. गुडघे जातात, पण ते नंतर.

ते बोलत असतील तेव्हा श्वास घ्यायचा, गप्प असतील तेव्हा हळू. शिंक आली तर वरच्या ओठावर जीभ आतून दाबायची.

उभं राहायची जागा आपण निवडायची. उजेड संपतो तिथे. खांब असला तर खांबाच्या डाव्या अंगाला. त्यांना आपल्यावर कोणाची नजर आहे असं वाटायला नको, आणि आपल्याला सगळं टेबल दिसायला पाहिजे.

तोंडावर काही नाही. रागही नाही, हसूही नाही. पुसलेल्या पाटीसारखं तोंड. याला मला चार वर्षं लागली.

थोरल्या बाईसाहेब एकदा पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, "ही खोलीत आहे हे कळतच नाही." ते मी घरी असं घेऊन आले, जसं काही मला कोणी पदक दिलं.

तुझी सीरियल बघते दर सोमवारी. ती धुणं धुणारी पोरगी मला आवडायला लागली होती. डोकं चालतं तिचं, राजाच्या भावाला तिनेच पकडून दिलं. तर या सोमवारी तिच्या खांद्यावर खूण निघाली आणि ती राजाचीच हरवलेली मुलगी! म्हणजे अक्कल वरच्या मजल्यावरूनच ठिबकते, असं का? बत्तीस वर्षं आमच्या मोठ्या घरातली धोबीण सगळ्या घराची गुपितं एका चादरीवरून ओळखायची. तिच्या खांद्यावर मी काही खूण पाहिली नाही.

आणि आणखी एक. त्या पालीने अख्खी वस्ती जाळली, आणि दाखवलं काय, तर गच्चीवर उभा राजा आणि त्याचा ओला डोळा. वस्तीतलं कोणीच नाही दाखवलं.

मोठ्या घरातून अजून बोलावणं येतं, तीस-चाळीस माणसांचं जेवण असलं की. गुडघ्यांना विचारून जाते. बाकी दिवस लांब असतात.

मावशी

*

१७ फेब्रुवारी

मावशी गं मावशी,

जमलं!

दोन आठवडे खोलीवर पाण्याचा जग घेऊन सराव केला. बाहेरची कड, आतल्या आत भार, सगळं. घरमालकिणीने दाराआडून विचारलं, "तुम्ही आहात का नाही आत? काही आवाजच नाही." म्हटलं, आता येतंय!

परवा दरबाराचा प्रसंग होता. सहा तास उभी होते. बाकीच्या पोरींनी खांब धरले, भिंती धरल्या. मी हलले नाही. प्रसंग संपल्यावर डायरेक्टर स्वतः माझ्याकडे आला. म्हणाला, "तू फार छान आहेस. तू फ्रेममध्ये आहेस हे कळतच नाही." सगळ्यांसमोर! आता मला जवळजवळ रोज बोलावतात. राणीचा प्रसंग म्हटला की 'सात नंबरला आणा'.

वाक्य मलाच मिळणार असं सगळ्या म्हणतात. त्यांच्यातली एक टपोऱ्या डोळ्यांची आहे, ती सारखी काहीतरी पाडते, आणि पाडून झालं की डोळे फिरवते. ती तेवढी माझ्याशी बोलत नाही.

सहा तास मी कशी उभी राहू शकले माहितीये? मला वाट बघायची सवय आहे. आई गेली त्या दिवशी शेजारणीच्या पायरीवर मी दुपारपासून अंधार पडेपर्यंत तुझी वाट बघत बसले होते. एका पायात चप्पल. सहा वर्षांची असेन. प्रत्येक बसचा आवाज आला की उठायची. तू आलीस आणि म्हणालीस, "बस बिघडली होती गं." मला आठवतं, तुझ्या साडीला इस्त्रीचा वास होता. बसचा नव्हता. परवा उभ्या उभ्या उगाचच आठवलं. किती वेळ बिघडली होती गं ती बस?

असो. वाक्याचं कळलं की लगेच लिहिते.

तुझी भिंगरी

*

२४ फेब्रुवारी

भिंगरी,

तीन सोमवार झाले. तू मला दिसत नाहीस.

पहिल्या दिवशी वाईट उभी होतीस आणि दिसलीस. आता टीव्हीच्या तोंडाशी खुर्ची ओढून बसते तरी नाही. काल शेवटी माझ्याच हिशेबाने शोधलं. इथे मी उभी राहिले असते तर कुठे राहिले असते? उजेड संपतो तिथे, खांबाच्या डाव्या अंगाला. बघितलं तर होतीस. एक बाही आणि फडक्याचं टोक. जगात मीच एकटी असेन जिला ते सापडलं.

डायरेक्टर जे बोलला ते शब्द माझ्या ओळखीचे आहेत. मी ते पदकासारखे घरी आणले होते, तुला लिहिलं मागच्या पत्रात. तूही तसेच आणलेस. मला ते बरं वाटलं नाही. तू जेवण वाढायला नाही गेलीस तिकडे, दिसायला गेली होतीस. मी तुला नेमकं उलटं शिकवलं का काय, या विचाराने मला दोन दिवस झोप नाही.

थोडी वाईट उभी राहत जा. काहीतरी पाड.

बसचं काय विचारतेस, बसा बिघडतात. जुनी गोष्ट.

खोकला असला तर गरम पाणी पी.

मावशी

*

१९ मार्च

मावशी,

वाक्य टपोऱ्या डोळ्यांच्या पोरीला मिळालं.

तिने तालमीत तबक पाडलं, जीभ चावली, मग राणीकडे आणि मग कॅमेऱ्याकडे बघितलं. डायरेक्टर टाळ्या वाजवत उठला. "हिच्याकडे नजर जाते!" मी विचारलं, "आणि मी, सर?" तो खरंच प्रेमाने म्हणाला, "तू मागे सोन्यासारखी आहेस. तू मागेच राहा."

म्हणजे त्याला जी खरी वाटली ती खोटी होती. आणि मी इतकी खरी झाले की उरलेच नाही. ही तुझी करामत.

मेजवानीचा प्रसंग असा आहे. ती पोरगी धावत येते, किंचाळते, "राणीसाहेब, गाव जळालं!" राणी उठते, तिच्या डोळ्यांतून एक थेंब गळतो, कॅमेरा त्या थेंबावर. मागे आम्ही तेरा जणी पेले भरत राहायचं. मी विचारलं, "सर, हे नोकर त्याच गावचे आहेत ना? तिसऱ्या भागात तसं म्हटलंय." तो हसला. "अगं, त्यांचं कोण बघतंय? ते भरत राहतील."

दोन आठवड्यांनी ते चित्रित होणार. मग माझं काम संपलं. मेजवानीनंतर राजवाडाच जळतो.

आणि एक विचारते, कारण आता माझं काही जायचं राहिलं नाही. मी तुला बसचं विचारलं आणि तू 'बसा बिघडतात' लिहून मला गरम पाणी प्यायला सांगितलंस. तू माझ्याशी असंच करतेस. तोंड पुसलेल्या पाटीसारखं. लहानपणी मला वाटायचं, आई गेल्याचं तुला काही वाटलंच नाही. अजून वाटतं. चार दिवसांत मी "आले" याशिवाय एक शब्द कोणाशी बोललेली नाही, म्हणून हे सगळं तुझ्यावर निघतंय. निघू दे.

भिंगरी

*

२७ मार्च

भिंगरी,

लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. आता जसं येईल तसं.

बस बिघडली नव्हती.

त्या दिवशी मोठ्या घरात दुपारी अठरा माणसांचं जेवण होतं. माझ्या हातात सुपाचं मोठं भांडं होतं. माळी स्वयंपाकघराच्या दारात आला, डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली. म्हणाला, "तुझी बहीण गेली. पोरगी शेजारणीकडे आहे." मी म्हटलं, "बरं." आणि आत गेले.

अठरा माणसांना सूप वाढलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. सहा फेऱ्या झाल्या. एक थेंब सांडला नाही. माझ्या तोंडाकडे कोणी बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी तिथे काही नव्हतं, मी तसं तयार केलं होतं ना. मला सोडा असं मला म्हणता आलं असतं. थोरल्या बाईसाहेब वाईट नव्हत्या, त्यांनी सोडलं असतं. पण टेबलापाशी बोलायचं नसतं, आणि बोलायचं कसं हेच मी विसरले होते.

जेवण उरकल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "आज तर तू कमाल केलीस." आणि भिंगरी, मला बरं वाटलं. एक क्षणभर. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बहीण तिकडे थंड पडली होती, तू पायरीवर बसली होतीस, आणि मला बरं वाटलं.

मग ॲप्रन खुंटीला लावला आणि निघाले. बस वेळेवर होती. वाटेत कुठेच थांबली नाही. मीच सारखी मनात म्हणत होते, बिघड, बिघड. म्हणजे खोटं तरी बोलायला नको.

तुला काय वाटायचं आणि मला काय वाटलं, ते आता बोलून काय उपयोग. आठ दिवस माझ्या हातातून भांडी पडत होती, पण ती फक्त घरी. कामावर नाही.

तुझा डायरेक्टर खोटं बोलला नाही. नोकर भरत राहतात. मी भरत राहिले. फक्त कोणी बघत नव्हतं असं तो म्हणतो, त्यातलं निम्मं खरं आहे. मी बघत होते. माझ्याच हातांकडे.

झालं. आणखी लिहायला नाही.

मावशी

*

१८ एप्रिल

भिंगरी,

पत्र नाही. पोस्टमन मला लांबूनच हात हलवून नाही म्हणतो आता.

रागावली असशील तर रागाव, पण दोन ओळींत रागाव.

मावशी

*

५ मे

मावशी,

रागावले नाही. तुझं पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं.

मेजवानीचं सांगते. मला राणीच्याच डाव्या हाताला उभं केलं होतं. दांडीला एक हात, बुडाखाली दोन बोटं, फडकं. कॅमेरा सुरू झाला. मी राणीचा पेला भरायला वाकले आणि ती पोरगी किंचाळत आली. "गाव जळालं!" राणी उभी राहिली. मी भरत राहिले.

मी दुसरं काहीच केलं नाही गं. फक्त थांबले नाही. पेला भरला, पाणी वर आलं, मग खाली उतरलं, टेबलाच्या कपड्यावर पसरलं, राणीच्या बाहीत गेलं. मी ओततच होते. माझ्या तोंडावर काही नव्हतं, मला आतून कळत होतं की नाहीये. डोळ्यांसमोर अठरा माणसं आणि सुपाचं भांडं. सुरई रिकामी झाली तरी मी ती तशीच तिरकी धरून होते.

मग डायरेक्टर ओरडला. कपड्यांची बाई बाही पिळायला धावली. राणी थंडीने काकडत मला म्हणाली, "वेडी आहेस का गं?" मला त्याच दिवशी घरी पाठवलं आणि फाटकावरचं ओळखपत्र काढून घेतलं. पुन्हा कुठे घेणार नाहीत असंही ऐकवलं. टपोऱ्या डोळ्यांची पोरगी तेवढी दारापर्यंत आली. म्हणाली, "मी त्या जळालेल्या गावची असते तर मीपण पाडलं असतं." मी म्हटलं, "मी पाडलं नाही." तिला कळलं नाही.

महिनाभर काम शोधत फिरले. मागच्या आठवड्यापासून ताप येतो-जातो. फार नाही. घरमालकीण दाराआडून "आहात का?" विचारते, मी "आहे" म्हणते.

तू येऊ नकोस. गुडघे आहेत तुझे, आणि तिकडे जेवणं असतील. कळवायचं म्हणून कळवलं. घरी यायला मला तोंड नाही.

भिंगरी

*

१२ मे

भिंगरी,

काल सोमवार होता. मेजवानी दाखवली.

त्यांनी ते कापलं नाही. का नाही कापलं मला माहीत नाही. बहुतेक राणी दचकली ती झकास दचकली, म्हणून ठेवलं असेल. वर तिचं तोंड, तो त्यांचा एक थेंब, आणि खाली टेबलावर पाणी पसरत चाललंय. पसरतच चाललंय. तुझं तोंड नाही दाखवलं. नुसता एक हात, सुरई, आणि बुडाखाली दोन बोटं. फडकं बरोबर घडी केलेलं.

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. एकटीच होते म्हणून बरं. टीव्हीच्या काचेला हात लावला. काच गरम असते, मला माहीत नव्हतं.

त्या पाल्हाळात एवढीच एक खरी गोष्ट होती, आणि ती बघणाऱ्यांना बाईची चूक वाटली असणार. वाटू दे.

आता कामाचं. येत्या शनिवारी मोठ्या घरात तीस माणसांचं जेवण आहे. नातवाची बायको पहिल्यांदाच पाहुणे बोलावतेय. आज सकाळी त्यांनी माळ्याला माझ्याकडे पाठवलं होतं. तोच माळी, आता त्यालाही दिसत नाही धड. म्हणाला, "तुमच्याशिवाय व्हायचं नाही म्हणतात." ॲप्रन इस्त्री करून खुंटीला लावलेला होता, सवयीने. मी त्याला सांगितलं, शनिवारी मी नाही. तो म्हणाला, "काय कारण सांगू?" एक्केचाळीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "माझी पोरगी आजारी आहे, असं सांग. मोठ्याने सांग, सगळ्यांना ऐकू येईल असं."

हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. शनिवारी दुपारी बाराच्या आत मी तुझ्या दाराशी असेन. दाराआडून कोणी विचारलं, तर नुसतं "आहे" म्हणू नकोस. "माझी मावशी येतेय" म्हण. पायरीवर येऊन बसू नकोस, पडून राहा. मला पत्ता विचारता येतो.

तोंड नाही म्हणतेस. माझंही चार वर्षांत पुसलेलं आहे. तिथे बसून बघू दोघी काय होतं ते. सुरई मात्र तुझ्या हातात मी पुन्हा देणार नाही, पाणी मी देईन.

आणि बस नीट आहे. मी आत्ताच स्टँडवर जाऊन विचारून आले.

मावशी